बुधवारी काय करणार?

प्रकरण आमच्याच घरातलं आहे, त्यामुळे तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका. माणसं तीन. मी, वय ४४, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, पूर्णपणे घरून. नवरा, वय ४६, तांत्रिक पुस्तिका लिहितो, तोही घरूनच. सासूबाई, वय ७२, माहेर संगमेश्वरचं, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. राहणं कोथरूडला. मी पळते. नवरा कातळ चढतो, सायकल चालवतो आणि कामशेतला पॅराग्लायडिंगचे सुरुवातीचे दोन कोर्स करून आलेला आहे. सासूबाई रोज सकाळी पाऊण तास चालतात. त्यात खंड पडला की घरातल्या सगळ्यांना तो दिवसभर जाणवतो.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही ठरवलं की हिमालयातल्या एखाद्या गावात राहायला जायचं. सहलीला नव्हे, राहायला. अट एकच, बाराही महिने बाहेर काहीतरी करता आलं पाहिजे. नवऱ्याने तक्ता मांडला. आडव्या ओळीत गावं, उभ्या रकान्यात चढाई, ट्रेक, बर्फ, सायकल, उड्डाण, नदी. प्रत्येकाला पाचपैकी गुण. तक्त्यात मनाली पहिली आली, आणि ती येणारच होती, कारण रकानेच असे निवडले होते.

सासूबाईंनी तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "शनिवार-रविवार तुम्ही शिखरं चढाल. बुधवारी काय करणार?"

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढची तीन वर्षं हे प्रकरण त्याच प्रश्नाभोवती फिरलं, म्हणून आधी तो नीट मांडते. पुण्यात आमच्या घरातून वेताळ टेकडीच्या पायथ्याला पंधरा मिनिटांत पोचता येतं. काम संपवून साडेपाचला निघालं तर खाणीला वळसा घालून अंधार पडायच्या आत घरी. मोर दिसतो, कधी दिसत नाही. गाडी काढावी लागत नाही, सुट्टी टाकावी लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. वर्षाकाठी मी ज्या तासांत खरोखर घराबाहेर असते त्यातले बहुतेक तास या टेकडीवरचे आहेत, हरिश्चंद्रगडावरचे नाहीत. मग डोंगरातल्या गावाने निदान या टेकडीला तरी हरवलं पाहिजे. सहा हजार मीटरचं शिखर खिडकीतून दिसतंय आणि बुधवारी संध्याकाळी मात्र आपण खिडकीशीच बसलोय, तर गाव बदलून मिळवलं काय?

म्हणून आम्ही तक्ता टाकला आणि कालनिर्णय घेतलं. नियम असा: कामाच्या दिवशी तिघांपैकी प्रत्येकजण किमान तासभर घराबाहेर, रस्त्यावरच्या गाड्यांपासून लांब, चालला, पळला, चढला किंवा उडाला, तर त्या चौकटीत बरोबरची खूण. तिघांतला एक जरी घरात अडकला तरी खूण नाही. शनिवार-रविवार मोजायचेच नाहीत. नियमातली दुसरी अट सासूबाईंची. तिच्यामुळे निकाल किती बदलला हे नंतर कळलं.

यादीतून लेह लगेच गेलं. साडेतीन हजार मीटर उंची, रक्तदाबाचा रुग्ण घरात, आणि हिवाळ्यात विमान हाच एक भरवशाचा मार्ग. मुन्सियारी सुंदर, पण काठगोदामपासून रस्त्याचाच जवळजवळ एक दिवस. जमीन घ्यायचा विचार नव्हताच. हिमाचलमध्ये १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि उत्तराखंडातही बाहेरच्यांवर मर्यादा आहेत. भाड्याने राहणाऱ्याला यातलं काही आडवं येत नाही. मला विचाराल तर हे कायदे आमच्यासारख्यांच्या भल्याचेच आहेत. घर विकत घेऊन बसलो असतो तर पहिल्याच गावात अडकलो असतो.

उरली तीन: मनाली, उत्तरकाशी, बीड. हे तिसरं बीड म्हणजे आपला मराठवाड्यातला जिल्हा नव्हे. हिमाचलमधल्या कांगड्यातलं बीड-बिलिंग, काहीजण बीर म्हणतात. घोटाळा टाळायला मी इथे बीरच लिहिते.

मनाली, जानेवारी २०२३

मनालीत आम्ही दोन आठवडे राहिलो, मुद्दाम जानेवारीत. उन्हाळ्यात मनाली कुणालाही आवडेल.

गाव साधारण २,०५० मीटरवर आहे. देवदारांच्या दाटीत हिडिंबेचं मंदिर, वशिष्ठहून जोगणी धबधब्याची पायवाट, जुन्या मनालीतून नदीकाठाने गोशालकडे जाणारी वाट, सेथनला चढाईसाठी उत्तम धोंडे. गिर्यारोहण संस्था १९६१ पासूनची. नवऱ्याचा तक्ता तसा खोटा नव्हता. पण जानेवारीत रात्री पडलेलं बर्फ दिवसा वितळतं आणि संध्याकाळी पुन्हा गोठतं. डांबरावर काचेसारखा पातळ थर तयार होतो, तो दिसत नाही. चौथ्या दिवशी सासूबाई घसरल्या. लागलं नाही, पण त्यानंतर त्या दाराबाहेर पडल्या नाहीत आणि पाचव्या दिवसापासून आम्हाला त्याची झळ बसू लागली. शिवाय खोरं उत्तर-दक्षिण आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यामुळे ऊन उशिरा येतं आणि दुपारीच निघून जातं. चारला काम संपवलं तरी बाहेर संध्याकाळ. बर्फाच्या खेळांचं सोलंग १३ किलोमीटरवर, पण बर्फ पडलं की साध्या गाड्या नेहरू कुंडापाशी अडवतात आणि पुढे फोर बाय फोर टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही. बर्फाच्या खेळासाठी आलेल्या माणसाला हे चालतं, त्याची ती वर्षातली एक सहल असते.

दहा कामाचे दिवस, खुणा तीन.

तरीही मनाली बाद झाली नव्हती. तिच्याकडे पावसाळ्यासाठी एक हुकमी एक्का होता, अटल बोगदा. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला आणि ३,९७८ मीटरच्या रोहतांगला वळसा न घालता लाहौलमध्ये जाता येऊ लागलं. मनालीत धो धो पाऊस असताना पलीकडे सिस्सूला अनेकदा कोरडं असतं. म्हणून आम्ही २०२३ च्या जुलैसाठी खोली ठरवली, निघायची तारीख १४ जुलै.

९ आणि १० जुलैला बियास नदीने कुलू-मनाली रस्त्याचे तुकडे केले. वीज गेली, फोन गेले, हजारो पर्यटक अडकले. आम्ही पुण्यात बॅगा भरलेल्या अवस्थेत बातम्या बघत बसलो. खोली देणाऱ्या माणसाचा फोन सहा दिवसांनी लागला. तो सुखरूप होता, आगाऊ घेतलेले पैसे परत करतो म्हणाला, आम्ही राहू द्या म्हटलं.

बोगद्याच्या कौतुकात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. बोगदा वर, कोरड्या मुलखात नेतो. पण दवाखाना, विमानतळ, घर, सगळं खाली आहे, आणि खाली जायला ते एकच खोरं. तेव्हापासून गावाबद्दल पहिला प्रश्न आम्ही हा विचारू लागलो: इथून बाहेर पडायला किती खोरी आहेत? रस्ते नव्हे, खोरी. एकाच नदीच्या दोन काठांवरचे दोन रस्ते पुराला एकच.

त्या जुलैत आम्ही पुण्यातच राहिलो. कालनिर्णयावर सवयीने खुणा करत गेलो आणि ते पान विसरून गेलो.

उत्तरकाशी, नोव्हेंबर २०२३

नवऱ्याचा जीव इथे अडकला आणि अजून सुटलेला नाही.

उत्तरकाशी मोसमी पर्यटनाचं गाव नाही, जिल्ह्याचं ठिकाण आहे. बाजार वर्षभर चालू असतो, कचेऱ्या आहेत, शाळा आहेत, भाजीवाल्याला तुम्ही कोण याच्याशी घेणंदेणं नसतं. मला हे फार आवडलं. उंची जेमतेम ११५८ मीटर, त्यामुळे हिवाळा सोसवतो. नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून इथे आहे आणि तिच्यामुळे गावातल्या चहाच्या टपरीवरही दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे), दयारा बुग्याल या उंचावरच्या कुरणाचं बर्फ असले विषय निघतात. तेखलाच्या कातळावर नवरा पहिल्याच दिवशी गेला आणि संध्याकाळी बोटांची सालटी काढून, लग्नात दिसला नव्हता एवढा आनंदी होऊन परत आला.

माझं आणि सासूबाईंचं मात्र जमेना. भागीरथीचं खोरं अरुंद. सपाट म्हणावं असं जे काही आहे त्यावर रस्ता आणि बाजार बसलेले. पायवाटा आहेत, पण त्या सरळ वर जातात. संस्थेतल्या पोरांना तेच हवं असतं, बहात्तरीच्या बाईला नको असतं. मग उरतो गंगोत्रीचा रस्ता, आणि त्यावर ट्रक. नोव्हेंबरात निदान यात्रा संपलेली होती. अक्षय्य तृतीयेला गंगोत्रीचे दरवाजे उघडले की हाच रस्ता चारधामच्या गाड्यांनी भरतो आणि मे-जून तसाच राहतो.

दिवाळीच्या सकाळी, १२ नोव्हेंबरला, यमुनोत्रीच्या रस्त्यावरचा सिल्क्याराचा बोगदा आतून ढासळला. ४१ कामगार १७ दिवस अडकले आणि सगळे जिवंत बाहेर आले. त्या काळात गावात दुसरा विषय नव्हता. आम्ही ज्यांच्याकडे राहत होतो त्या गृहस्थांनी त्या ओघात २००३ ची हकिगत सांगितली. बाजाराच्या डोक्यावरचा वरुणावत डोंगर कसा खाली येत राहिला, त्याआधी १९९१ च्या भूकंपात काय झालं. सांगण्यात तक्रार नव्हती. आपल्याकडे कोकणातली माणसं पुराबद्दल बोलतात तसं बोलत होते.

कामाच्या पंधरा दिवसांत नऊ खुणा. नवरा एकटा मोजला असता तर पंधराच्या पंधरा. दवाखान्याचा मुद्दा निर्णायक ठरला. जिल्हा रुग्णालय गावात आहे, पण त्यापलीकडचं काही लागलं तर ऋषिकेशचं एम्स, म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटरचा घाटरस्ता. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यामुळे अडू नका." असं कुणी म्हटलं की घरात काय होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

बीर, मार्च २०२४ पासून

बीर तक्त्यात शेवटून पहिलं होतं. दखलपात्र कातळ नाही, स्कीइंग नाही, नदी म्हणावी अशी नदी नाही. आहे ते उड्डाण. वरचं बिलिंग सुमारे २,४०० मीटरवर, उतरायची जागा त्याच्या नऊएकशे मीटर खाली. २०१५ मध्ये इथे पॅराग्लायडिंगच्या विश्वचषकाची फेरी झाली आणि गावाचं नशीब फिरलं. आम्ही तिथे गेलो ते मुख्यतः एका भूगोलाच्या कारणाने.

धौलाधारची रांग कांगड्याच्या खोऱ्यातून पायऱ्या न ठेवता एकदम उभी राहते. मध्ये टेकड्यांच्या ओळी जवळजवळ नाहीतच. त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी, बाराशे-पंधराशे मीटरवर, एक रुंद उतरतं पठार मिळतं. त्यावर चहाचे मळे, गव्हाची वावरं आणि तोंड दक्षिणेकडे. जानेवारीत सकाळी साडेआठपासून संध्याकाळपर्यंत ऊन. बाहेर पडायला पूर्वेला मंडी, पश्चिमेला पालमपूर-पठाणकोट, कांगड्याजवळ गग्गलचा विमानतळ. सोबतीला १९२९ ची अरुंद रुळांची कांगडा रेल्वे आहे. तिचा पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल २०२२ च्या ऑगस्टमधल्या पुरात कोसळला, तेव्हा तिच्यावर आमची भिस्त नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय टांड्याला, साठ-पासष्ट किलोमीटर, पण रस्ता खोऱ्यातून जातो, कड्याला लटकत नाही.

आणि कूल्हा. हा शब्द आम्हाला तिथे गेल्यावर मिळाला. धौलाधारवरून येणाऱ्या ओढ्यांना, ज्यांना तिथे खड्ड म्हणतात, बांध घालून पाणी उताराच्या आडवं आडवं शेतांपर्यंत नेणारे पाट म्हणजे कूल्हा. त्यांची देखभाल करणारा माणूस कोहली. मला भंडाऱ्याकडच्या, तळी बांधणाऱ्या कोहळ्यांची आठवण झाली. पाटाला उतार अगदी हलका ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या कडेची पायवाट जवळजवळ सपाट असते. गाडी तिथे येऊच शकत नाही. डोंगरात सपाट, सावलीची, बिनगाडीची वाट ही चैनीची वस्तू आहे, आणि इथे ती शेताला पाणी देण्याच्या कामातून आपोआप तयार झाली होती. सासूबाई तिसऱ्या दिवसापासून एकट्या जाऊ लागल्या. महिन्याभरात त्यांना गुनेहडपर्यंतच्या निम्म्या बायका ओळखत होत्या आणि त्यांची हिंदी, जी संगमेश्वरी मराठीच आहे, तिथे सगळ्यांना कळत होती.

माझं पळणं चहाच्या मळ्यांतून. नवऱ्याची सायकल बीर ते बिलिंग, १४ किलोमीटरची सलग चढण. सकाळी सातला निघायचं, दहाला कामाला हजर. उड्डाणाचं मात्र त्याला नव्याने शिकावं लागलं. कामशेतला तो टेकडीच्या धारेवर, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायला शिकला होता. बिलिंगला दुपारी तापलेल्या उतारावरून हवेचे जोरदार स्तंभ उठतात, त्यांना थर्मल म्हणतात. त्यांत शिरलं तर मिनिटाभरात शेकडो फूट वर, आणि कडेला सापडलं तर छत्री एका बाजूने मिटते. उड्डाणपटू या स्तंभांवर उड्या घेत धरमशालेकडे निघून जातात. दर हंगामात अपघात होतात. मी पहिल्या ऑक्टोबरात त्याच्या प्रत्येक उड्डाणाच्या वेळी घड्याळ बघत बसायचे. आता बघत नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

खुणांचा हिशोब असा. मे २०२४: २३ पैकी १३. कारण धूर. खालच्या उतारांवरची चिडाची, म्हणजे पाइनची, जंगलं उन्हाळ्यात पेटतात, वाळलेल्या सुयांचा थर दिवसेंदिवस धुमसतो, आणि धौलाधार असून दिसेनाशी होते. पळणाऱ्या माणसाला तो महिना अर्धाच मिळतो. हे आम्हाला आधी कुणीही सांगितलं नव्हतं, कारण मे महिन्यात येणारा पाहुणा चार दिवसांत परत जातो. नोव्हेंबर: २१ पैकी २०. जानेवारी २०२५: २३ पैकी १८. घरात लाकडाचा तंदूर पेटवायचा (पोळ्यांचा नव्हे, खोली गरम करायचा लोखंडी), दुपारी ओसरीवर बसून काम करायचं, चारला बाहेर. थंडी होती, पण कोरडी, उन्हाची. अंधार पडायच्या आत परतायचं हा नियम मात्र पक्का, कारण बिबट्या ही तिथे गोष्टीतली वस्तू नाही.

अडचणी होत्याच. ऑक्टोबरच्या तोंडावर पहिल्या घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. त्याचा दोष तरी काय काढायचा? उड्डाणाच्या हंगामात पाहुणे एका आठवड्याला जे देतात ते आम्ही महिन्याला देत होतो. तेव्हापासून आमचा सल्ला एकच आहे: अशा गावात घर ठरवताना बारा महिन्यांचा कागद करा, आणि शक्य तर गावाच्या अशा टोकाला बघा जिथून उतरायची जागा दिसत नाही. दुसरं घर तसंच मिळालं. मालकीणबाईंना आम्ही आंटीजी म्हणतो, त्या सासूबाईंना माताजी म्हणतात आणि आम्हाला फारसं काहीच म्हणत नाहीत.

मग पावसाळा

पहिल्या वर्षी हट्टाने राहिलो. जुलै २०२४ मध्ये २३ पैकी ५ खुणा, ऑगस्टमध्ये २२ पैकी ४.

ज्या भिंतीने ऊन दिलं, रुंद पठार दिलं, थर्मल दिले, तीच भिंत पाऊसही देते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला थडकतो तेव्हा महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर ओततो आणि पलीकडे दहिवडीला जेमतेम पाचशे शिल्लक ठेवतो. धौलाधारचं तेच. पायथ्याच्या धरमशालेला वर्षाला तीन हजारांच्या घरात पाऊस, पाठीमागे आणखी एक रांग ओलांडली की लाहौल कोरडा. आपण घाटमाथ्याच्या माणसांनी हे आधीच ओळखायला हवं होतं. १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचल सरकार पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग बंद ठेवतं, आणि ते योग्यच आहे. उड्डाण बंद, बिलिंगच्या रस्त्यावर दगड, कूल्हेची वाट निसरडी, जळवा. बुटांना बुरशी, पिठाला वास, लॅपटॉपच्या कळांखाली दमटपणा. सासूबाईंना पावसाचं कौतुक किंवा भीती काहीच नव्हतं, संगमेश्वरात जन्म गेलेला. त्यांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता: "गणपतीला आपण इथे काय करतोय?"

याच सुमारास एका गद्दी मेंढपाळाशी त्यांची गाठ पडली. उन्हाळ्यात हे लोक कळप घेऊन बिलिंगवरून, राजगुंध्याहून, थमसर खिंड ओलांडून बडा भंगालकडे आणि पुढे कोरड्या मुलखात जातात, आणि थंडी पडली की खालच्या टेकड्यांवर उतरतात. हा म्हातारा गुडघ्यामुळे मागे राहिलेला होता, कळप मुलांबरोबर गेलेला. सासूबाईंनी घरी येऊन जाहीर केलं, "म्हणजे आपले धनगरच की. ते नाही का पावसाळ्यात देशावर येतात आणि दिवाळीनंतर कोकणात उतरतात?"

त्या रात्री मी जुन्या कालनिर्णयांची चळत काढली. मनालीला जायचं फसलं होतं तो जुलै २०२३, पुणे: २१ पैकी १५ खुणा. आम्ही ज्या गावातून पळालो होतो त्याचा हा आकडा, तोही पावसाळ्यातला. टेकडीवर ओला चिखल, तेरड्याची गर्दी, खाणीत पाणी. हिमालय ज्या दोन महिन्यांत बंद असतो तेच नेमके सह्याद्रीचे चालण्याचे महिने. जवळजवळ दोन वर्षं आम्ही बारा महिने पुरेल असं एक गाव शोधत होतो, आणि दोन महिन्यांची सोय कोथरूडच्या फ्लॅटवर पडून होती.

यात फार गोडवा भरू नये म्हणून हेही लिहिते. सह्याद्री पावसाळ्यात सुरक्षित आहे असं मुळीच नाही. २०१४ च्या जुलैत माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी. म्हणजे माझ्या त्या पंधरा खुणा ज्या महिन्यातल्या आहेत त्याच महिन्यात. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे आदेश निघतात, आणि शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जी गर्दी होते ती बघता ते निघायलाच हवेत. आम्ही या दोन महिन्यांत कड्याखाली, ओढ्यात, धबधब्याशी जात नाही. टेकडी, पर्वती, मधल्या वारी सिंहगड, एवढंच. बुधवारच्या हिशोबाला तेवढं पुरतं.

२०२५ मध्ये १० जुलैला बीर सोडलं. ५ ऑगस्टला उत्तरकाशीच्या वरचं धराली गाळाखाली गेलं. नवरा त्या दिवशी कामाला बसलाच नाही, ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावत राहिला. २६ ऑगस्टला बियासने मनालीचा रस्ता पुन्हा तोडला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गणपती बसले.

हिशोबाची दुसरी बाजू

दोन घरं म्हणजे दुप्पट खर्च, हे कुणीही सांगेल. प्रत्यक्षात तसं होत नाही, पण स्वस्तही पडत नाही. बीरचं घर पावसाळ्यात रिकामं असलं तरी भाडं चालू राहतं, तो बारा महिन्यांच्या कागदाचाच भाग आहे. पुण्याचा फ्लॅट दहा महिन्यांसाठी भाड्याने द्यायचा तर दलाल तोंड वाकडं करतात, कारण करार अकरा महिन्यांचे. सध्या तिथे नवऱ्याचा पुतण्या राहतो, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आम्ही आलो की तो हॉलमध्ये झोपतो. त्याची पदवी झाली की हा प्रश्न पुन्हा उघडणार. सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी पुण्याच्या डॉक्टरांची, तपासण्या पालमपूरला, आणि दोन्हींच्या कागदांची एक पिशवी आता घरातली सगळ्यात जड वस्तू आहे. भूकंपाचं काय, असं मित्र विचारतात. कांगड्याला ४ एप्रिल १९०५ ला जो झाला त्यात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. दुसरं घर निवडताना दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर स्लेटचं जड छप्पर असलेली देखणी घरं आम्ही याच कारणाने सोडली आणि एक कुरूप, सिमेंटचं, बुटकं घर घेतलं. नवऱ्याला अजून त्याचा फोटो कुणाला पाठवावासा वाटत नाही.

कातळाचा प्रश्न सुटलेला नाही. एप्रिलमध्ये तो दोन आठवडे एकटा उत्तरकाशीला जातो, तेखलाला. यात्रा सुरू व्हायच्या आत. घरात एकच माणूस असता, आणि तो तो असता, तर या लेखाचा निकाल उत्तरकाशी लागला असता. मी एकटी असते तर कदाचित कोथरूडच्या बाहेर पडलेच नसते, ही गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी परतलो तेव्हा आंटीजींनी दार उघडून ठेवलं होतं, खोल्यांना वारा देऊन. छपराच्या कडेचा एक पत्रा सरकला होता. वरच्या वळणावर कूल्ह फुटून वाट वीसएक पावलं वाहून गेली होती, गावातली माणसं दगड लावत होती. सासूबाई बॅग न उघडताच ते बघायला गेल्या, आणि अंधार पडायच्या आत परतायचा नियम त्या दिवशी त्यांनीच मोडला.